भिंत रंगवण्याआधी डहाणूला जाऊन या : महापालिका आणि नगरपालिकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे आयुक्त, नगरपालिका व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी आणि शहर सुशोभीकरणाचे काम पाहणारे सर्व अभियंते

सप्रेम नमस्कार.

स्वच्छ सर्वेक्षणाची वेळ जवळ आली की आपल्या शहरांतल्या भिंतींना रंग लागायला सुरुवात होते. उड्डाणपुलांचे खांब, पालिका शाळांची कुंपणे, भुयारी मार्ग, पंपिंग स्टेशन, सार्वजनिक शौचालयांच्या बाहेरच्या बाजू. यांतल्या कितीतरी भिंतींवर आधी विटकरी रंगाचा पट्टा ओढला जातो आणि मग त्यावर दोन त्रिकोणांची पांढरी माणसे एका रांगेत उमटतात. अंदाजपत्रकात या कामाला 'वारली पेंटिंग' म्हणतात आणि त्याचा दर चौरस फुटावर लावतात.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मी वारली समाजातली नाही आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्या शहरात माझ्या कराच्या पैशातून काय रंगवले जाते हे मी विचारू शकते, आणि चित्र कसे घडते हे थोडेफार कळत असल्यामुळे त्यातले बरेवाईट सांगणे माझे कामच आहे.

मागणी आधी सांगते, म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचायला वेळ नसेल त्यांच्याही कानावर ती जाईल. सार्वजनिक पैशातून 'वारली' या नावाखाली जे काही रंगवले जाईल ते वारली चित्रकारांच्या हातचे असावे. त्याचा मोबदला मध्ये कोणी न घेता त्यांना मिळावा. आणि काय रंगवायचे, काय नाही, हे त्यांनी ठरवावे. या तिन्ही गोष्टी आजच्या नियमांत राहून करता येण्यासारख्या आहेत.

आता या चित्रांविषयी, कारण मुळात ती काय आहेत हे माहीत नसल्यामुळेच हे सगळे होते आहे असे मला वाटते.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत वारल्यांच्या घरी लग्न असले की भिंतीवर चौक लिहितात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्नचौकाच्या मधोमध पालघट देवी असते. ती सृष्टीची, पिकाची, गर्भाची देवी. तिच्याभोवती चौकोनी चौकट, चौकटीत नक्षीचे एकात एक पट्टे, आत सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारी लहानसा देवचौक असतो, त्यात पाचशिऱ्या देव. काही चौकांत या देवाला मस्तक नसते, मानेतून धान्याची कणसे फुटलेली असतात. चौकाबाहेर मग झाडे, घोड्यावरचे नवरानवरी, नाचणारी माणसे, ताडाच्या झाडावर चढलेला माणूस.

हा चौक लिहितात सवासिनी. ज्यांचा नवरा हयात आहे अशा बायका. त्या लिहीत असताना धवलेरी, म्हणजे लग्नातली गाणी जाणणारी बाई, गाणी म्हणते, आणि हीच धवलेरी गाण्यांतून लग्नाचे विधीही पार पाडते. वारल्यांचे लग्न बाई लावते, हे आपल्याकडच्या किती सुशिक्षित माणसांना ठाऊक आहे? भिंतीवर देवी लिहिणारीही बाई आणि लग्न लावणारीही बाई. ज्या कलेला आपण 'आदिम' म्हणून एका कोपऱ्यात बसवून टाकले आहे, तिच्यात बायकांना असलेला हा मान आपल्या शहरी लग्नांत अजून आलेला नाही.

आता ज्या भिंतीवर हा चौक लिहितात ती पाहा. कारवीच्या काठ्या जवळजवळ बांधून कूड उभा करतात, त्यावर शेणमातीचा लेप देतात आणि वरून गेरूचा हात फिरवतात. रंग म्हणाल तर तांदळाचे पीठ पाण्यात कालवलेले, कधी त्यात थोडा डिंक. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक चावून किंवा ठेचून मऊ केलेली. इतकेच. चौकात कुंकवाचे लाल आणि हळदीचे पिवळे ठिपके येतात, बाकी सारे पांढऱ्यात.

हे साहित्य साधे आहे, पण त्यातून काम करणे साधे नाही. तांदळाचे कालवण ओले असताना भिंतीवर फिकट, पाणचट दिसते आणि वाळल्यावर पांढरे उठते. म्हणजे लिहिणारीला आपली रेघ लिहिताना धड दिसत नाही. ती हाताच्या सवयीने आणि मनातल्या मापाने पुढे जाते. बांबूच्या काडीला कालवण फार लागत नाही, म्हणून लांब सलग रेघ निघत नाही. दोन बोटे, चार बोटे चालली की काडी पुन्हा बुडवायची. त्यामुळे सगळे चित्र लहान लहान फटकाऱ्यांतून उभे राहते. झाडाची फांदी म्हणजे असंख्य आखूड रेघा, शेत म्हणजे ठिपके, नदी म्हणजे एकमेकींना घसटत जाणाऱ्या रेषा. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, कुठे शेणमातीच्या खडबडीवर अडखळलेली. वारली चित्र थरथरत असल्यासारखे, जिवंत वाटते त्याचे निम्मे कारण ही काडी आणि ही भिंत आहे.

उरलेले निम्मे कारण माणसाच्या आकृतीत आहे, आणि याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण शहराच्या भिंतींवर सगळ्यात जास्त हाल याच आकृतीचे होतात.

दोन त्रिकोण, टोकाला टोक. वरचा छातीचा, खालचा कमरेखालचा. डोक्याला एक गोल, हातापायांना रेघा. पाहणाऱ्याला वाटते, हे तर कोणीही काढेल. पण ते दोन त्रिकोण जिथे भेटतात तो बिंदू म्हणजे त्या माणसाची कंबर आहे आणि सगळी हालचाल त्या बिंदूतून निघते. वरचा त्रिकोण जरासा पुढे कलवला की माणूस आवणीला वाकतो. मागे झुकवला की तोच माणूस मुसळ उचलतो. बाजूला तिरका केला की डोक्यावरचा भारा सावरू लागतो. चेहरा नाही, डोळे नाहीत, तरी दमलेला कोण, खुशीत कोण, बाजारात घासाघीस करणारी कोण हे कळते. सगळे त्या दोन त्रिकोणांमधल्या कोनावर. शरीराचा तोल इतक्या कमी साधनांत पकडणारी चित्रपद्धती मला दुसरी माहीत नाही.

आपल्या भिंतींवर काय होते? प्लास्टिकच्या पत्र्यातून कापलेला साचा भिंतीला लावायचा, त्यावरून स्पंज किंवा स्प्रे फिरवायचा. साचे तीन-चार. एक नाचणारा, एक डोक्यावर घडा घेतलेली, एक बैल, एक झाड. हेच साचे डावीकडून उजवीकडे, मग उलटे करून उजवीकडून डावीकडे. दोन्ही त्रिकोण एका सरळ रेषेत ताठ उभे, कंबर हललेलीच नाही. शंभर माणसे नाचताहेत आणि एकही नाचत नाही. कडा यंत्रावर कापल्यासारख्या, रेघ सगळीकडे एकाच जाडीची. रंगाऱ्याचा यात दोष नाही. त्याला दिवसाला अमुक इतके चौरस फूट उरकायचे असतात आणि साचा त्याच्या मुकादमाने हातात दिलेला असतो.

नाचाचेच उदाहरण घ्या. गोल फिरणारी माणसे हे चित्र तुमच्या प्रत्येक वॉर्डात असेल. तो तारपा नाच. भात पिकू लागले की तारपा वाजू लागतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे एकमेकांना धरून त्याच्यामागे फिरतात. त्याच्याकडे कोणी पाठ करत नाही. त्याने सूर बदलला की नाचाची दिशा बदलते. म्हणूनच खऱ्या वारली चित्रात हा नाच नागमोडी आत वळत गेलेला असतो, एक टोक आत, तारप्याजवळ, एक टोक बाहेर मोकळे. नवा माणूस येऊन त्या मोकळ्या टोकाला जुळू शकतो. पालिकेच्या भिंतीवर हे टोक बंद करून टाकलेले असते, पक्के वर्तुळ, कंपासने काढल्यासारखे, आणि मध्ये तारपावालाच नसतो. एका भुयारी मार्गात मी त्याच्या जागी शहराचे बोधचिन्ह पाहिले. ज्याच्या सुरावर सगळे चालते त्यालाच काढून टाकलेले.

चित्राच्या जमिनीबद्दलही असेच. वारली चित्राला क्षितिज नसते. शेत वरून दिसते, झाड बाजूने, घराची भिंत काढून टाकल्यासारखे आतले माणूस दिसते, मुंगीचे वारूळ आणि बैलगाडी जवळपास एकाच मापाची. दिवसभरातल्या, वर्षभरातल्या गोष्टी एकाच पटावर घडत असतात आणि पाहणाऱ्याने डोळा फिरवत त्या गोळा करायच्या असतात. यासाठी भिंत मोठी आणि पाहायला वेळ असावा लागतो. बसस्टॉपची भिंत यासाठी फार उत्तम, मला खरोखर तसे वाटते. माणसे तिथे उभी असतात, त्यांना पाहायला काहीतरी हवे असते. पण आपण तिथे दीड फुटाची किनार काढतो, खाली विटकरी, वर पांढरी रांग. मुळात चित्र होते त्याची आपण साडीची काठपट्टी करून टाकली.

आणि चौक. देवीचा चौकसुद्धा मी सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर पाहिला आहे. कोणत्या शहरात ते लिहीत नाही, कारण तसे एकाच शहरात झाले असेल यावर माझा विश्वास नाही. इंटरनेटवरून नक्षी उचलताना हे काय आहे हे कोणी विचारले नसणार. आपल्यापैकी कोणी आपल्या घरातल्या देव्हाऱ्याचे चित्र तिथे काढू दिले असते का? वारली चित्रकार स्वतः कागदावर, कापडावर चौक काढून विकतात हे मला माहीत आहे. तो त्यांचा निर्णय आहे, आणि त्यांनी तो घेतला आहे म्हणून आम्हाला तो परस्पर घेण्याचा परवाना मिळत नाही.

थोडा इतिहास सांगते, कारण सरकारी यंत्रणा चांगले कामही करू शकते हे या कलेच्या बाबतीतच घडून गेले आहे. 1966-67 च्या बिहारमधल्या दुष्काळात हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी नावाच्या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवले. तिथल्या बायका भिंतीवर काढत असलेली चित्रे कागदावर यावीत, त्यांना त्याचे पैसे मिळावेत म्हणून. पुढे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोचले. कागद आणि रंग घेऊन गेले, माणसांशी बोलले, राहिले. त्यांनी नमुने उचलून आणले आणि मुंबईत कंत्राटदाराकडून छापून घेतले असे झाले नाही. त्यांनी लिहिणाऱ्या हातांना शोधले.

त्यातूनच गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. 1934 चा जन्म. लहानपणी आई गेली, त्या धक्क्याने त्यांचे बोलणे थांबले आणि ते जमिनीवर धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगू लागले, असे त्यांच्याविषयी सांगतात. लग्नापुरते आणि बायकांच्या हातात असलेले चित्र त्यांनी रोजच्या जगण्यात आणले. त्यांच्या चित्रातले मासेमारीचे जाळे कधी जवळून पाहा. सबंध कागदभर पसरलेले, हजारो बारीक रेघांचे, आणि तरी कुठे गुंता नाही. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 1989 मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या प्रदर्शनात जगभरच्या समकालीन चित्रकारांच्या बरोबरीने त्यांचे काम लागले. जपानमध्ये तोकामाची नावाच्या गावी मिथिला संग्रहालय आहे, तिथेही त्यांची चित्रे आहेत. 2018 मध्ये ते गेले. त्यांची मुले आणि पुढची पिढी, आणि इतर कितीतरी पाड्यांवरचे चित्रकार आजही काम करत आहेत.

जपानपर्यंत पोचलेले हे काम डहाणूहून लोकलने जोडलेल्या शहरांच्या निविदेत मात्र बसत नाही. का बसत नाही, तेही पाहू.

सुशोभीकरणाच्या बहुतेक निविदांत मागच्या काही वर्षांची उलाढाल, तत्सम कामाच्या अनुभवाचा दाखला, जीएसटी नोंदणी, बयाणा रक्कम अशा अटी असतात. रस्ते आणि गटारांसाठी त्या ठीक आहेत. पाड्यावरचा चित्रकार, किंवा चार चित्रकार मिळून, यांतली एकही अट पुरी करू शकत नाहीत. मग काम मिळते रंगकामाच्या कंत्राटदाराला. सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याला. तो ते उपकंत्राटदाराला देतो. फार झाले तर त्यातला कोणी एखाद्या वारली मुलाला रोजंदारीवर बोलावतो, तेही रंगारी म्हणून. बिल चौरस फुटांचे निघते, मोजमाप पुस्तिकेत चौरस फूटच भरले जातात, आणि चित्र कोणाचे हा रकाना कुठेच नसतो.

यात सगळ्यांत मोठे नुकसान बायकांचे झाले आहे. चित्र कागदावर आले, बाजारात गेले, तसे ते मुख्यतः पुरुषांच्या हातात गेले. प्रवास करणे, शहरात राहणे, पैशाचे व्यवहार करणे त्यांना सोपे होते. पाड्यावर चौक लिहिणारी सवासीण मात्र तिथेच राहिली. तिच्या हातातली कला आज जगभर ओळखली जाते आणि तिला त्यातून फारच थोडे मिळते. पालिकांनी ठरवले तर हे बदलण्याची ताकद पालिकांच्या हातात आहे. दिवसभराचे काम, संध्याकाळी परत जाण्याची सोय, मुलाला घेऊन यायची मुभा, एवढ्यावर कितीतरी बायका येतील.

पैशाचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा आणते आहे, त्याला कारण आहे. या भागात लग्नगडी नावाची प्रथा होती. लग्नासाठी जमीनदाराकडून, सावकाराकडून थोडेसे कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी राबायचे. ते बहुधा आयुष्यभर फिटत नसे. 1945 मध्ये किसान सभेच्या लाल बावट्याखाली, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले आणि वेठबिगारीविरुद्ध लढले, तेव्हा ही साखळी तुटली. ज्या लग्नासाठी भिंतीवर पालघट लिहिली जाई, त्याच लग्नापायी माणसे गुलाम होत. हे माहीत असताना त्या लग्नाच्या चित्रावर दुसऱ्याच कोणी कमाई करावी आणि ज्यांचे चित्र आहे त्यांच्या हाती काही पडू नये, हे मला पटत नाही. तुम्हालाही पटू नये. आणि नाते एवढेच नाही. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या धरणाचे पाणी वसई-विरारच्या नळांना येते. आपण त्या जमिनीचे आधीच देणे लागतो.

वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एखादा माल कोणत्या प्रदेशातला, कोणत्या लोकांचा हे कायद्याने मान्य करणारी ही नोंद. खासगी दुकानदाराने चादरीवर साचा छापला तर त्याच्याशी भांडायला वकील लागतो, वेळ लागतो. पण सरकारी आणि निमसरकारी यंत्रणांनी या नोंदीचा मान आपण होऊन ठेवायला काय हरकत आहे? ज्या राज्यातल्या कलेला हे मानांकन मिळाले त्याच राज्यातल्या पालिका नक्कल विकत घेतात, याला माझ्याकडे चांगला शब्द नाही.

या विषयावर अधिकाऱ्यांशी आणि नगरसेवकांशी बोलताना मला जी उत्तरे मिळतात तीही इथेच घेते.

पहिले, कला सगळ्यांची असते. मान्य. माझ्या वर्गातली मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करताना वारली आकृत्या काढतात, मीच शिकवते. कोणी आपल्या घराच्या भिंतीवर, अंगणात, वहीत काढावे, शिकावे, रमावे. शिकण्यावर कोणाची मालकी नाही. मी बोलते आहे ते सार्वजनिक पैशाबद्दल आणि फलकावर लिहिलेल्या नावाबद्दल. साच्यातून रंगवायचेच असेल तर त्याला वारली म्हणू नका. 'भिंतीवरील नक्षीकाम' म्हणा. अंदाजपत्रकातला तो एक शब्द बदलला तरी पुष्कळ प्रामाणिकपणा येईल.

दुसरे, तांदळाचे पीठ पावसात टिकणार नाही. अर्थातच नाही, आणि टिकवा असे कोणी म्हणतही नाही. वारली चित्रकार स्वतः कापडावर, कागदावर पोस्टर कलर, ॲक्रिलिक वापरतात आणि बाहेरच्या भिंतीला बाहेरचा रंग लागतो हे त्यांना तुमच्या-माझ्याइतकेच कळते. पार्श्वभूमी काळी, निळी, हिरवी असली तरी मला वावगे वाटत नाही. आकृत्या मात्र गुलाबी-पिवळ्या केल्या की चित्र कोसळते, कारण त्याचा सगळा तोल एका पांढऱ्यावर उभा आहे. पण हेही माझे मत झाले. ते चित्रकारांना सांगू द्या.

यातच मला एक सूचना करायची आहे. आपल्या निविदांत रंगाला तीन वर्षे, पाच वर्षे हमी मागतात. मुंबई-ठाण्याच्या पावसात, ओल धरलेल्या गिलाव्यावर ती हमी कागदावरच राहते. तिसऱ्या वर्षी पोपडे धरलेली माणसे दिसतात आणि कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. कुडावरचा चौक मुळात कायम राहण्यासाठी लिहिलेला नसतो. लग्न होते, भिंत पुन्हा सारवली जाते, पुढच्या लग्नाला नवा चौक. हाच रिवाज आपण घ्यावा. निवडक पाच-सहा भिंती ठरवाव्यात आणि दर वर्षी पाऊस संपला की त्या नव्याने लिहून घ्याव्यात. दर वर्षी वेगळे गट, वेगळे पाडे. शहराला दर वर्षी नवे चित्र मिळेल आणि चित्रकारांना दर वर्षी ठरलेले काम. साच्याने भरलेल्या हजार फुटांपेक्षा हाताने लिहिलेले शंभर फूट मला कधीही चालतील. लोक तिथे थांबून पाहतील, मुले बोट दाखवतील, आणि पाहिल्या जाणाऱ्या भिंतीवर थुंकायलाही माणूस कचरतो.

तिसरे उत्तर, चित्रकार मिळत नाहीत. हे मात्र मी ऐकून घेणार नाही. शोधले नाहीत म्हणून मिळत नाहीत. डहाणू-जव्हार परिसरात चित्रकारांचे गट आहेत, आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालये डहाणूला आणि जव्हारला आहेत. एक पत्र, एक फोन, एवढ्यावर याद्या मिळतील.

तेव्हा प्रत्यक्ष काय करावे? वारली चित्रांचे काम रंगकामाच्या निविदेतून वेगळे काढा आणि त्याला उलाढालीची अट लावू नका. चित्रकारांचे गट, बचत गट, सहकारी संस्था यांना थेट काम देता येईल अशी तरतूद करा. जे अधिकारी शिल्पकाराकडून पुतळा घडवून घेताना सर्वांत कमी दराचा आग्रह धरत नाहीत, त्यांना हे अशक्य वाटू नये. मोबदला चौरस फुटावर न लावता चित्रावर आणि दिवसांवर लावा, कारण बांबूच्या काडीने भरलेला एक फूट आणि स्पंजने भरलेला एक फूट सारखे नसतात. कामाआधी आगाऊ रक्कम द्या. पाड्यावरून आलेला माणूस रंगाचे, प्रवासाचे, राहण्याचे पैसे खिशातून घालून तुमचे बिल निघण्याची वाट पाहू शकत नाही. गटात निम्म्या बायका असाव्यात ही अट घाला. विषय तुम्ही द्या हवे तर, पाणी, झाडे, रस्ता, बाजार, पण मांडणी त्यांना करू द्या, आणि चौक लिहायचा की नाही हे तर सर्वस्वी त्यांनाच ठरवू द्या. भिंत पुरी झाली की कोपऱ्यात लिहिणाऱ्यांची नावे आणि पाड्याचे नाव लिहा. सध्या त्या जागी नगरसेवकाचे नाव आणि निधीचा तपशील असतो. तोही राहू द्या, पण खाली.

आधीच रंगवलेल्या भिंतींपैकी ज्यांवर देवीचा चौक चुकीच्या जागी आला आहे त्या यंदाच पुसून घ्या. त्यासाठी कोणत्याही समितीची गरज नाही, एक चुन्याचा हात पुरेसा आहे.

आणि एक विनंती शेवटी. हे सगळे ठरवण्यासाठी बैठक घ्याल तेव्हा ती तुमच्या दालनात घेऊ नका. चित्रकारांना मुख्यालयात बोलावून, बाहेरच्या बाकावर बसवून, अर्ज भरायला लावू नका. तुमचे अभियंते आणि लेखाधिकारी डहाणूला पाठवा. दिवाळीआधी, शेतातली कामे आटोपत आली असतील आणि तारपा वाजत असेल अशा वेळी. कोणत्या अटी त्यांना जमतात, किती दिवस लागतात, काय दर परवडतो हे तिथेच बसून लिहून घ्या, आणि त्यावरून पुढच्या वर्षीच्या निविदेचा मसुदा करा. ज्या पालिकेला हे करायचे असेल तिच्या मदतीला मी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने यायला तयार आहे. माझ्यासारखे आणखी चित्रकला शिक्षकही येतील.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका